उत्तरेच्या पट्टीतले नेचे मेमध्ये का करपतात? बंगल्याभोवतीचं ऊन आणि झाडांची जागा

अंगणवेल (प्रश्न)

जागा पुण्यात. फक्त तळमजला असलेला बंगला, तोंड पूर्वेला. जमिनीपासून गच्चीच्या कठड्यापर्यंत उंची १४ फूट. चारही बाजूंना मातीच्या पट्ट्या आहेत:

पूर्व: १० फूट रुंद, समोर रस्ता, मोकळी.
उत्तर: ६ फूट रुंद, पलीकडे ५ फुटी कंपाउंड भिंत, त्यापुढे रिकामा प्लॉट.
दक्षिण: ५ फूट रुंद, पलीकडे शेजाऱ्यांची ५ फुटांची मोकळी जागा आणि मग त्यांची २४ फूट उंच दुमजली इमारत.
पश्चिम: ८ फूट रुंद, मागे मोकळं.

डिसेंबरात ऊन बघून झाडं लावली. उत्तरेला दिवसभर सावली होती म्हणून तिथे नेचे, कॅलेथिया, सिंगोनियम. दक्षिणेला मोगऱ्याची चार रोपं, कारण दक्षिणेला भरपूर ऊन असतं असं सगळे सांगतात. पश्चिमेला भिंतीपासून फूटभर अंतरावर जास्वंद.

आता मे संपत आला आहे. नेच्यांची पानं वरून पांढुरकी होऊन कागदासारखी वाळली आहेत. मोगऱ्याला लांबलचक कोंब आले, कळ्या नावालाच. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात. पाणी रोज आहे, शेणखतही घातलं आहे. पट्टीनुसार कुठे काय चुकलं आणि कुठे काय लावावं?

---

पाणीपन्हाळं

उत्तरेला ऊन येतच नाही, त्यामुळे नेचे उन्हाने गेले असं वाटत नाही. बोअरचं पाणी असेल तर क्षार साचले असतील. महिनाभर साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी देऊन बघा.

---

सावलीची काठी

क्षाराने पान कडेने आणि टोकाकडून तपकिरी होतं, आणि तेही वर्षभर हळूहळू. इथे वरच्या, आभाळाकडे तोंड असलेल्या पानांवर पांढुरके डाग आहेत. हा उन्हाचा चटका. खात्री करायची असेल तर वरची पानं बाजूला करून खालची बघा. ती हिरवी असतील तर प्रश्न मिटला.

"उत्तरेला ऊन येत नाही" हे न्यू जर्सीसारख्या, कर्कवृत्ताच्या बऱ्याच उत्तरेकडच्या ठिकाणी बऱ्यापैकी लागू पडतं. कर्कवृत्ताच्या उत्तरेला दुपारचा सूर्य कधीच डोक्याच्या उत्तरेला जात नाही. बागकामाचे बहुतेक परदेशी व्हिडिओ तिथले असतात. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला इथे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर. त्यानंतर जुलैच्या शेवटच्या दिवसांपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या अडीच महिन्यांत सकाळ-संध्याकाळ तर तो आणखीच उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे मेच्या मध्यापासून तुमचं घर उत्तरेच्या पट्टीवर सावली टाकतच नाही. मेमधली ती तुमच्या आवारातली सगळ्यात जास्त वेळ उन्हात असलेली जागा आहे, आणि तिथे तुम्ही कॅलेथिया लावलं आहे.

आकडे देतो. पुण्यात पूर्व-पश्चिम जाणाऱ्या १० फूट उंच भिंतीची माध्यान्हीची सावली:

२१ डिसेंबर: उत्तरेकडे ९ फूट
२१ जानेवारी किंवा २१ नोव्हेंबर: ८ फूट
२१ फेब्रुवारी किंवा २१ ऑक्टोबर: साडेपाच फूट
२१ मार्च किंवा २३ सप्टेंबर: सव्वातीन फूट
१५ एप्रिल: दीड फूट
मेचा मध्य: शून्य
२१ जून: दक्षिणेकडे १० इंच

तुमची उंची १४ फूट, म्हणून प्रत्येक आकड्याला १.४ ने गुणा. डिसेंबरात साडेबारा फूट सावली, त्यामुळे ६ फुटांची पट्टी पूर्ण झाकलेली. २१ मार्चला पावणेपाच फूट, म्हणजे कंपाउंडकडचा सव्वा फूट उन्हात. एप्रिलच्या मध्याला फक्त दोन फूट सावली, चार फूट पट्टी उन्हात. मेमध्ये सगळीच. एक गंमत म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या त्या विषुवदिनांना अशा भिंतीच्या सावलीची रुंदी दिवसभर जवळपास तेवढीच राहते. सकाळी नऊला जमिनीवर आखलेली रेघ दुपारी तीनलाही तिथेच सापडते. त्यामुळे वर्षातून एकदाच मोजायचं असेल तर तो दिवस निवडू नका, फसाल.

आता दक्षिण. तुमची पट्टी शेजाऱ्यांच्या भिंतीपासून ५ ते १० फुटांवर आहे. २४ फुटांची सावली डिसेंबरात साडेएकवीस फूट पडते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचं ऊन तुमच्या दक्षिण पट्टीत जमिनीला टेकत नाही. दक्षिणेला ऊन असतं हे खरं, पण दक्षिण मोकळी असेल तर. मेमध्ये पुन्हा उलट: सकाळी साडेसातला सूर्य ईशान्येकडे असल्यामुळे तुमच्याच घराची सावली या पट्टीवर पूर्ण पडते, नऊला निम्म्या पट्टीवर, आणि दुपारी कडक ऊन. मोगऱ्याला ही वाईट जागा. कारण खाली कोणीतरी सांगेलच.

---

अंगणवेल

खालची पानं हिरवी आहेत, बघितली. आज दुपारी उत्तरेच्या पट्टीत खरंच ऊन आहे आणि दक्षिणेकडेही आहे. मग मोजायचं कसं? पूर्ण वर्ष थांबणं शक्य नाही.

---

सावलीची काठी

दोन दिवस पुरतात: एक आता, एक डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत. मधले महिने वरच्या आकड्यांवरून काढता येतात.

घराचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढा, एक चौकट एक फूट. सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर तासाला सावलीची कड जमिनीवर फक्कीने आखा आणि कागदावर उतरवा. प्रत्येक चौकटीत उन्हाचे तास दोन आकड्यांत लिहा: साडेबाराच्या आधीचे आणि नंतरचे, उदाहरणार्थ ४+१. नुसते "५ तास" लिहिलेत तर कागद निरुपयोगी. एप्रिलमधले सकाळचे चार तास अनंताला मानवतात, दुपारचे चार तास त्याच झाडाच्या कळ्या वाळवतात.

जिथे थेट ऊन नाही तिथे उजेड किती, यासाठी पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीत बोटं वेगळी दिसली तर जागा उजेडाची, नुसता पंजाचा धूसर आकार दिसला तर मध्यम, काहीच दिसलं नाही तर तिथे फुलाची अपेक्षा सोडा. मोबाइलमधलं लक्समापक (उजेड मोजणारं) ॲपही चालतं, मात्र ते जागांची तुलना करण्यापुरतं. भर दुपारी उघड्यावर लाखाच्या आसपास लक्स असतो, मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत १०-२० हजार, दाट झाडाखाली दोन-पाच हजार. डोळा हा फरक निम्मासुद्धा सांगत नाही, म्हणून "इथे छान उजेड आहे" या वाक्यावर रोप लावू नये.

---

कलमवाली

मोगऱ्याचं मी सांगते. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत मोगऱ्याचं पाणी दोन आठवडे तोडायचं, जमिनीपासून दीड फुटावर छाटणी करायची, उरलेली पानं ओरबाडायची, मग खत-पाणी सुरू. फेब्रुवारीत जी नवी फूट येते तिच्याच टोकांना कळ्या लागतात. त्या फुटीला रोज किमान ६ तास थेट ऊन हवं. तुमच्याकडे नेमकं जानेवारी-फेब्रुवारीत शेजाऱ्यांची सावली. कोंब उजेड शोधत लांबले, पेरं लांब पडली, कळी धरली नाही. वर शेणखत जास्त झालं असेल तर पानं आणखी माजतात. मोगऱ्यात चूक छाटणीची, खताची किंवा उन्हाची असते, तुमच्याकडे मुख्य चूक उन्हाची.

रोपं पूर्वेला हलवा, घराच्या भिंतीपासून ५ फूट पुढे. समोर मोकळं असल्यामुळे तिथे सकाळपासून माध्यान्हीनंतर तासभरापर्यंत ऊन मिळेल. भिंतीला चिकटून लावलीत तर साडेबारा वाजताच ऊन संपेल. गच्ची असेल तर मोगऱ्याला तीच सर्वांत चांगली, १४ इंची कुंडीत.

हलवायचं आता नाही. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनच्या उत्तरार्धात, ढगाळ दिवस बघून. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, फांद्या एक तृतीयांश कमी करा, खोडाभोवती नऊ इंचांवरून गोल खणून मातीच्या गड्ड्यासकट उचला. गड्डा फुटला तर पोत्यात बांधून न्या.

बाकी पट्ट्या:

पूर्व. सगळ्यांत मवाळ ऊन इथलं, त्यामुळे हौस इथे करा. गुलाब, मोगरा, अनंत, अबोली, तुळस. गुलाबाला सकाळचं ऊन दुहेरी कामाचं: दव लवकर वाळतं आणि काळे ठिपके कमी पडतात. अबोली आणि अनंत भिंतीकडच्या ओळीत, गुलाब-मोगरा रस्त्याकडच्या ओळीत. पालेभाज्यांना चार तास पुरतात, म्हणून मेथी-पालक मधे कुठेही. टोमॅटो, मिरची, वांगी मात्र इथे मध्यमच येतील, त्यांना सहा-आठ तास हवेत.

पश्चिम. ही भट्टी आहे. साडेबारा ते सहा ऊन, आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री आठ-नऊपर्यंत धग सोडते. जास्वंदीला ऊन हवंच असतं, त्यामुळे जागा चुकीची नाही, अंतर चुकीचं आहे. फूटभरावर मुळांची माती भिंतीने भाजते, दुपारी पानं पाणी उडवतात त्या वेगाने मुळं ओढू शकत नाहीत आणि झाड आधी कळी टाकतं. पावसाळ्यात ती अडीच-तीन फूट पुढे घ्या. तोवर सकाळी सातच्या आत पाणी द्या, दीड-दोन वर्षांच्या झाडाला एक दिवसाआड ८-१० लिटर एकदम. रोज तांब्याभर घातलं तर वरची दोन इंच माती भिजते आणि मुळं तिथेच येऊन भाजतात. आळ्यात तीन इंच वाळला पाला किंवा उसाचं पाचट, खोडाला न टेकवता. कळ्यांच्या देठापाशी पांढरा कापूस दिसतो का तेही बघा. पिठ्या ढेकूण असेल तर कळ्या अशाच गळतात, आणि तो तहानलेल्या झाडावर आधी येतो.

पश्चिमेला बोगनवेल, देवचाफा, कण्हेर, सदाफुली, गवती चहा, कढीपत्ता बिनधास्त लावा. कण्हेर सगळीच्या सगळी विषारी, घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर वगळा. भिंतीपासून सहा इंच सोडून जाळी उभारा आणि मधुमालती चढवा, दोन वर्षांत आतली खोलीही थंड होईल. बोगनवेलीला जम बसल्यावर पाणी कमी ठेवा, नाहीतर नुसता पाला.

दक्षिण. ऑक्टोबर ते मार्च सावली, उन्हाळ्यात फक्त दुपारचं ऊन. इथे फुलांचा हट्ट नको. तगर, कामिनी, क्रोटन. तगर कमी उन्हातही फुलते, फुलं थोडी कमी एवढंच. क्रोटनचा रंग हिवाळ्यात फिका पडेल, मार्चनंतर परत चढेल. आडोसा आहे, ओल टिकते, त्यामुळे अळूही छान येईल.

उत्तर. हीच पट्टी मला सगळ्यांत आवडते आणि तीच लोक वाया घालवतात. हिवाळ्यात ऊन नाही, उन्हाळ्यात भरपूर, पावसाळ्यात ढगांमुळे मध्यम. मग हिवाळ्यात जे जमिनीखाली झोपतं तेच लावा! सोनटक्का, हळद, आलं, फुटबॉल लिली, भुईचाफा. यांना डिसेंबर-जानेवारीत फारसा उजेड लागत नाही, कारण तोवर पानं गेलेली किंवा वाळत आलेली असतात. सोनटक्क्याचे कंद जूनमध्ये दोन इंच खोल, दीड फूट अंतरावर. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फुलं. त्याला माती सतत ओली हवी, मेमध्ये कोरडी पडली तर पानांची टोकं जळतात. हळद मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत लावा, पानं पिवळी होऊन वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत काढा. फुटबॉल लिलीचा कांदा मातीबरोबर, मान दिसेल असा. पहिल्या वळवानंतर फूल आधी, पान मागून.

---

सावलीची काठी

उत्तरेच्या पट्टीत कंद, हे माझ्या डोक्यात नव्हतं. पटलं. फक्त दोनदोन फुटांचा गट करून लावा आणि कुठे काय आहे त्याची पाटी रोवा, नाहीतर जानेवारीत मोकळी माती बघून माळी त्यावरच कुदळ घालतो.

---

अंगणवेल

नेचे टाकून द्यायचे नाहीत. वाचतील का? आणि हिरवी जाळी लावून तिथेच ठेवता येतील का?

---

संत्र्याच्या गावची

नेचे वाचतात, गड्डा जिवंत असेल तर. करपलेली पानं जमिनीलगत कापा, आळं ओलं ठेवा, पावसात नव्या पानाची गुंडाळी वर येईल. जळलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे त्याची वाट बघू नका.

जाळीबद्दल नागपूरकडून: आमच्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन उकाड्यात, म्हणून जाळीशिवाय चालत नाही. नेच्यांना ७५ टक्क्यांची (म्हणजे तेवढं ऊन अडवणारी), कुंडीतल्या फुलझाडांना ५० टक्क्यांची. ९० टक्क्यांची घेऊ नका, तिच्याखाली कोंब पिवळट आणि लांब होतात. लोक जाळी फक्त छतासारखी बांधतात, तिथे फसतात. मेमध्ये सकाळी आठचं आणि दुपारी चारचं ऊन उत्तरेच्या अंगाने तिरकं आत येतं. तुमच्या पट्टीत जाळी सात फुटांवर आडवी घ्या आणि कंपाउंडच्या बाजूने दोन-अडीच फूट खाली सोडा. पूर्व-पश्चिम टोकांनाही पडदा हवा. पान आणि जाळी यांत दीड फूट हवा खेळली पाहिजे, पानाला जाळी टेकली तर तिथेच डाग. पुण्यात मार्चच्या पहिल्या आठवड्यात चढवा आणि पाऊस स्थिरावला की उतरवा. पावसात जाळीखाली ओल कोंडून बुरशी येते.

---

कलमवाली

एक भर. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात जो चटका बसतो त्याचं कोणी बोलत नाही. जून ते सप्टेंबर ढगांत वाढलेली पानं पातळ आणि मऊ असतात. कॅलेथिया, ड्रेसीना पावसाळ्यात उघड्यावर मस्त दिसतात म्हणून लोक तिथेच ठेवतात. आणि ऑक्टोबरचं लख्ख ऊन आठवड्यात त्यांची वाट लावतं. शिवाय त्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे मोकळ्या दक्षिण खिडकीत किंवा गॅलरीत जूनमध्ये नसलेलं ऊन अचानक आत येतं. कुंड्या सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आत ओढा.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांचंही तेच. ती जाळीखाली वाढलेली असतात. "फुल सन" लिहिलेलं गुलाबाचं रोपसुद्धा आणल्या दिवशी पश्चिमेला ठेवलं तर जळतं. पहिले चार-पाच दिवस उजेडाच्या सावलीत, मग पाच दिवस सकाळचे दोन तास, मग चार तास, असे पंधरा दिवस घालवा.

---

शेवंतीची रात्र

ऊन मोजताना रात्रही मोजा. पूर्वेला रस्ता आहे म्हणता, म्हणजे दिवा असणार. शेवंती आणि पॉइनसेटिया रात्र लांबली की कळी धरतात. रस्त्याचा किंवा गेटवरचा दिवा रात्रभर अंगावर पडत असेल तर झाड दाट हिरवं राहतं आणि कळी उशिरा येते किंवा येतच नाही. अशी झाडं दिव्याच्या उजेडाबाहेर ठेवा, किंवा सप्टेंबरपासून गेटच्या दिव्याला माणूस आल्यावरच पेटणारा सेन्सर बसवा. मोगरा, गुलाब, जास्वंद यांना दिव्याने फरक पडत नाही.

---

पाणीपन्हाळं

क्षाराचा मुद्दा मागे घेतो. माझ्या घराची उत्तरेची भिंत आता बघून आलो, संध्याकाळी पाच वाजता ऊन आहे.

एकच शंका: शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर उद्या इमारत आली तर?

---

सावलीची काठी

उत्तरेला आली तर हिवाळ्यात काहीच फरक नाही, तिची सावली तिच्याच उत्तरेला पडेल. मे ते जुलै सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन ती अडवेल, म्हणजे नेच्यांचं भलंच. दुपारचं मात्र येतच राहील. उलट तिची भिंत पांढरी रंगवली तर दक्षिणेकडून येणारं हिवाळ्यातलं ऊन त्या भिंतीवर आपटून तुमच्या पट्टीत उजेड वाढेल. धोका आहे तो पूर्वेला. रस्त्यापलीकडे उंच काही उभं राहिलं तर सकाळचे पहिले एक-दोन तास जातील, म्हणून मोगऱ्याची निदान दोन रोपं गच्चीवर कुंडीत ठेवा.